इकडचा गाळ तिकडे

कोण्या एका काळी, किती जुन्या ते मला विचारू नका, समुद्रकाठी एक गाव होतं. गावाला बंदर होतं आणि बंदराला कारभारी. राजा राहायचा लांब. कारभारी कुणी व्हायचं, हे त्यानं गावावरच सोडलं होतं. झालं! गावात आळ्या दोन, वरची आणि खालची. आज कारभारी वरच्या आळीचा, तर उद्या खालच्या आळीचा.

रीत कशी म्हणाल, तर नव्या कारभाऱ्यानं पागोटं चढवलं की पहिला हुकूम ठरलेला. गलबतांची वाट आपल्या आळीसमोरून खणायची आणि निघालेला गाळ दुसऱ्या आळीच्या वाटेत ओतायचा. त्यांची वाट बुजली पाहिजे ना!

हा गाळ वाहायचा खालच्या आळीतला धाकू. ओहोटी लागली की मांडीभर चिखलात उतरायचं, टोपली भरायची, पलीकडे नेऊन ओतायची. कारभारी बदलला की ये रे माझ्या मागल्या, तोच गाळ परत अलीकडे. धाकूची कंबर गेली, गाळ होता तेवढाच राहिला.

बायको म्हणायची, "अहो, एकदा तरी सांगा त्यांना, हा गाळ लांब माळावर नेऊन टाका म्हणावं."

"दमलो गं मी," धाकू म्हणायचा. "आणि या खेपेला कारभारी आपल्या आळीचा आहे. बुजू दे की त्यांची वाट!"

कंबर मोडली, पण आळीचा ताठा काही मोडला नव्हता.

एका साली खालच्या आळीची वाट नुकती मोकळी झाली होती, तोच कारभारी बदलला. नवा म्हणाला, "आधी त्यांची वाट बंद करा. आपली मग सावकाश खणू."

धाकूनं टोपली खाली ठेवली. त्याचा मुलगा गोमा गलबतावर होता आणि गलबतं परतायचे दिवस होते.

"कारभारी," धाकू हात जोडून म्हणाला, "माझा पोर समुद्रावर आहे. एक तरी वाट राहू द्या."

"तू कुठल्या आळीचा?"

"खालच्या."

"मग तू असंच बोलणार!"

धाकूनं टोपली उचलली. तोही आजवर असंच बोलत आला होता.

वाट बुजली आणि वादळ उठलं. गलबतं बंदराच्या तोंडाशी आली, गाळावर घासली आणि कशीबशी माघारी वळली. धाकू किनाऱ्यावर उभा राहून पोराला हाका मारत होता. वाऱ्यापुढे त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाडीवरून सांगावा आला. "बाबा, आम्ही सगळे सुखरूप आहोत. पण गलबतं आता तिकडे यायची नाहीत. तुम्ही आणि आई इकडेच या."

धाकू ढसाढसा रडला. मग त्यानं बायकोला हाक मारली आणि दोघं निघाली. कारभारी पागोटं सावरत मागे धावला. "अरे धाकू, थांब! म्हणशील त्या आळीची वाट खणू!"

"खणा की," धाकू थकल्या आवाजात म्हणाला. "पण आता येणार कोण?"

त्या बंदरात पुन्हा शीड दिसलं नाही. पागोट्यासाठी भांडणं मात्र अजून चालू आहेत म्हणतात.

म्हणून सांगतो, दुसऱ्याची वाट बुजवण्यात जो कारभार खर्ची पडतो, तो शेवटी आपलंच दार बंद करतो.