न भिजणारा लगदा

"सगळं बरोबर केलं, बाबा. मग कागद धरत का नाही?"

मास्तरांनी हे विचारलं तेव्हा ते लगद्याच्या हौदापासून दोन हात लांब उभे होते. रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवलेले, तरी पाण्याला शिवत नव्हते.

अमीनबाबा हौदाशी उभे होते. साठ वर्षं याच हौदात हात घालून त्यांनी हातकागद काढला. मी, हौसा, पलीकडं पाटावर दगडानं कागद घोटत बसलेली. हात चालू होता, पण कान मेले तिकडंच.

माजगावकर मास्तर कॉलेजात रसायन शिकवायचे. मागल्या साली पुरानं आमच्या नदीवरचा पूल नेला, तेव्हा त्यांचा मुलगा पुष्कर पुलावर होता. चौथ्या दिवशी दप्तर तेवढं सापडलं. वहीत एक अक्षर उरलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. पाणी शिवणार नाही असा कागद करायचा. नोकरी सोडून बाबांकडं शिकायला आले. आम्ही चिंध्यांचा लगदा करतो, यांनी कागदाच्या गिरणीतून लाकडाचा आणला. त्याचा तंतू न् तंतू राळेत माखला, तुरटी दिली, वाळवून भट्टीत शेकला.

बाबा तेव्हाच म्हणाले होते, "मास्तर, आपण पाणी अडवणारी खळ शेवटी लावतो. कागद झाल्यावर."

"तुमची रीत जुनी झाली, बाबा," असं म्हणून मास्तर हसले होते. मला असा राग आला होता!

आता तोच लगदा हौदात कोंड्यासारखा वर तरंगत होता. बाबांनी जाळीचा साचा बुडवून उचलला. पाणी गळून गेलं, मागं राहिला भुगा.

बाबांनी हलकेच फुंकर मारली. भुगा उडाला.

"भिजत मात्र नाही हं," बाबा म्हणाले. "जिंकलात."

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मोज्यांमुळं त्यांना उचलता येईना. मीच उचलून त्यांच्या कानाशी धरला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"अहो, रेवतीला अपेंडिक्स झालंय. तीन वाजता ऑपरेशनला आत नेणार आहेत. सारखी विचारतेय, पप्पा हात धरायला येणार ना..." मास्तरांच्या बायकोला रडू फुटलं. "नदी ओलांडायला घाटावर नाव आहे. याल का?"

मास्तरांनी कान फोनपासून बाजूला घेतला.

खोटं कशाला बोलू, मला त्यांची कीव आली. पुष्कर गेल्यावर त्यांनी त्या लेकीला विहिरीकडं जाऊ दिलं नाही, नळाखाली उभं राहू दिलं नाही. शेवटी बायको तिला घेऊन पलतीरी माहेरी गेली. त्याला आठ महिने झाले. मास्तर एकदाही गेले नाहीत. धरणावरून फेर घालून रस्ता आहे, पण पाच तासांचा, आणि मध्ये पूल. पूल बघितला तरी त्यांना दरदरून घाम फुटतो.

घड्याळात दीड वाजला होता. बाहेर नदी गढूळ, फुगलेली. तिचा आवाज भिंतीतून आत येत होता.

"मला नाही जमणार," मास्तर म्हणाले. "पाणी बघितलं की दप्तर दिसतं, बाबा. मी मरेन."

"मोजे काढा."

"बाबा..."

"काढा म्हणतो ना!"

साठ वर्षांत बाबा असे ओरडलेले कुणी ऐकले नसतील. मास्तरांनी मोजे काढले. आतले हात पांढरे पडलेले, सुरकुतलेले.

बाबांनी त्यांना चिंध्यांच्या लगद्याच्या हौदाशी नेलं. "घाला हात."

मास्तरांनी डोळे मिटले. बोटं पाण्याला लागली तशी त्यांनी ती चटका बसल्यासारखी मागं घेतली. बाबा थांबले. मग हात मनगटापर्यंत गेले. कोपरापर्यंत गेले.

"काय लागतंय?"

"गार आहे. मऊ... बोटांना चिकटतंय. एकमेकांनाही धरतायत तंतू."

"डिंक घातलेला नाही. खळ नाही. मग कोण धरून ठेवतंय?"

मास्तर रसायन शिकलेले. त्यांनी डोळे उघडले आणि हौदातला लगदा बोटांत दाबून पाहिला.

"पाणी. माझ्या लगद्याला तेच शिवलं नाही," ते म्हणाले. ऐकू येईल न येईल असं.

बाबा ओले हात तसेच घेऊन दाराबाहेर पडले, घाटाच्या पायऱ्या उतरू लागले. मास्तर मागोमाग. फोन इथंच राहिला म्हणून मी तो घेऊन धावले.

बाबा नावेत चढले. नाव हलली, तशी त्यांनी दोन्ही हातांनी काठ गच्च धरला. ओठ पांढरेफटक. नावाडी म्हणाला, "बाबा, तुम्ही आणि नावेत?"

मास्तर शेवटच्या पायरीवर थबकले. पाणी त्यांच्या चपलांपासून वीतभर.

"बाबा, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"साठ वर्षं नदीकाठी राहून?"

"साठ वर्षं भीत आलोय."

पलतीरावर दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. मास्तर तिकडं बघत राहिले. पाय मात्र उचलेना.

बाबांनी एक हात काठावरून सोडला. तो त्यांनी पुढं केला.

मास्तरांच्या हातांवरून अजून हौदाचं पाणी ठिबकत होतं. त्यांनी घाईघाईनं खिशातून रुमाल काढला.

"पुसू नका, मास्तर," बाबा म्हणाले. "ओलाच द्या."