दिव्याचे पान

एकदा एक तरुणी शहरातला टॅरोचा, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा, वर्ग पूर्ण करून खाडीकाठच्या एका लहान गावी आली. तिचे नाव यामिनी. राजा, राणी, कोसळणारा मनोरा, उलटा टांगलेला माणूस, अशा सगळ्या पत्त्यांचे अर्थ तिला तोंडपाठ होते. त्या गावात भिकूतात्या चितारी नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्याजवळ स्वतः रंगवलेला पत्त्यांचा निराळाच जोड आहे आणि मन अडले की माणसे त्यातले पान काढायला येतात, असे तिच्या कानावर आले होते.

तात्यांचे घराणे गंजिफा रंगवणारे. उमेदीच्या काळात तात्यांनीही गोल पानांवर दशावतार रंगवले. पुढे तो खेळ खेळणारेच उरले नाहीत, तेव्हा घरात पडून राहिलेल्या कोऱ्या पानांवर ते मनाला येईल ते काढू लागले. दाराशी काढून ठेवलेल्या चपला. तोंड बांधलेले पोते. दोरीवर वाळणारे एकच धोतर. विहिरीत वाकून पाहणारी बाई. कुठल्याही पानावर ना आकडा, ना नाव.

"यांचे अर्थ सांगाल मला?" यामिनीने पहिल्याच दिवशी विचारले.

"आधी बघ तर," तात्या म्हणाले.

तात्यांच्या सुनेने तिला माडीवरची खोली दिली. तात्यांनी तिला अर्थ सोडून सगळे शिकवले. रंग कसा खलायचा, कुंचला कसा धुवायचा, बाजारात ताजी मासळी कशी ओळखायची. यामिनीला धीर धरवेना. तिने आपल्या मनानेच अर्थ लावले. चपला म्हणजे प्रस्थान, पोते म्हणजे गुपित. ती ते तात्यांना ऐकवी. तात्या मान डोलवत आणि म्हणत, "असेलही."

एके दुपारी तात्या खाडीवर गेले असताना सुपारीचे व्यापारी रघुवीरशेठ आले. त्यांच्या पत्नीच्या, कुमुदकाकूंच्या, हृदयाची झडप बिघडली होती आणि शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन ठरले होते. शेठ खाली बसलेसुद्धा नाहीत.

"तात्या नसले तर तू पसर पानं," ते म्हणाले. "शिकलीस ना आता?"

यामिनीला आनंद झाला. तिने पाने पसरली. शेठनी काढलेल्या पानावर एक समई होती. वात काळी, तिच्यावर धुराची बारीक रेघ.

"विझलेला दिवा," यामिनी म्हणाली. मग वर्गात शिकलेले सगळे तिच्या जिभेवर आले. शेवट, हानी, आत्ता हाती घेऊ नये असे काम. तिने ते हळुवारपणे सांगितले, पण सांगितले. शेठ पानाकडे पाहत राहिले, त्यांनी हात जोडले आणि ते निघून गेले.

दोन-तीन दिवसांनी सूनबाई बाजारातून बातमी घेऊन आल्या. रघुवीरशेठनी ऑपरेशन रद्द केले होते. डॉक्टरांनी परोपरीने समजावले, उशीर करू नका म्हणून बजावले, तरी ते ऐकायला तयार नव्हते.

यामिनीने तात्यांना घडलेले सगळे सांगितले. सांगताना तिला रडू आले. तात्या रागावतील असे तिला वाटले होते. त्यांनी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि ती शांत होईपर्यंत शेजारी बसून राहिले.

"आपण जाऊन दुसरं पान काढू या का?" ती म्हणाली. "एखादं चांगलं?"

"पानं घे आणि चल," तात्या म्हणाले आणि त्यांनी डोक्यावर टोपी चढवली.

शेठच्या घरी तात्यांनी आधी कुमुदकाकूंना बाहेर बोलावले. त्या सावकाश येऊन खुर्चीत बसल्या. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली होती. तात्या आता नवे पान काढायला सांगतील, अशी यामिनीची खात्री होती. तात्यांनी मात्र जोड चाळून तेच समईचे पान शोधून काढले आणि काकूंच्या तळहातावर ठेवले.

रघुवीरशेठ उठून उभे राहिले. "तात्या, ते तिच्या हातात नको."

"असू दे. हिच्यासाठी काढलेलं पान हिनं अजून पाहिलंच नाही," तात्या म्हणाले. "कुमुद, काय दिसतं तुला?"

काकूंनी चष्मा लावला. बराच वेळ त्या पाहत होत्या.

"समई आहे. मालवलेली."

"मालवलेली?" यामिनीच्या तोंडून निघून गेले.

"मग? कुणीतरी मालवली असेलच ना," काकू सहज म्हणाल्या. "आमच्याकडे हे काम माझंच. सगळी जेवली, बाहेर गेलेलं माणूस घरात आलं, की फुलानं वात मालवायची आणि मग अंग टाकायचं. दिवसभरात तेवढाच वेळ माझा." त्यांनी पानावरून अंगठा फिरवला. "इस्पितळात म्हणे सुई देऊन निजवतात. मला बरंच वाटलं होतं ऐकून. घराकडे दुसरं कुणीतरी बघेल आणि मी निजेन. भीती वाटायला लागली ती यांचा चेहरा बघून."

"तू बोलली नाहीस कधी," शेठ म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी? पानाला विचारून आलात." काकूंच्या आवाजात राग नव्हता. "जिना चढताना धाप मला लागते. मला जायचंय."

शेठ पुन्हा बसले. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "मला वाटलं, तू गेलीस तर..." एवढेच म्हणून ते थांबले. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"रघुवीर," तात्या म्हणाले, "ऑपरेशनचं डॉक्टरांना विचारायचं आणि हिला विचारायचं. माझ्या पानांना ते कळत नाही." शेठनी तिथल्या तिथे इस्पितळात फोन लावला.

परतताना यामिनी म्हणाली, "माझा अर्थ चुकला, तात्या."

"अर्थाचं काही नाही गं. रघुवीर भीती घेऊन आला होता. तू गप्प बसली असतीस, तर पान बघून ती भीतीच बोलली असती. मग त्याचं त्यालाच ऐकू आलं असतं, की आपण घाबरलोय. माणसाची भीती त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर आली, की तो तिच्याशी भांडू शकतो. तीच दुसऱ्यानं सांगितली, की तो तिला नशीब म्हणतो. पान काढून झालं, की आपलं काम ऐकायचं."

"मग मी शिकणं सोडू का?"

"छे. आज कुठे पहिला धडा झाला," तात्या म्हणाले आणि त्यांनी तिच्या पाठीवर थोपटले.

ऑपरेशन नीट पार पडले. काकू घरी आल्यावर तात्या आणि यामिनी त्यांना भेटायला गेले. काकूंचा चेहरा निवळला होता आणि चहा शेठ स्वतः करत होते. त्यात साखर फार पडली होती. काकूंनी तो कौतुकाने संपवला.

वाटेत यामिनीने धीर करून विचारले, "तात्या, ती समई रंगवताना तुमच्या मनात काय होतं?"

तात्यांनी थोडा विचार केला. "काळा रंग खललेला उरला होता. टाकवेना."

यामिनी रस्त्यातच थांबून हसू लागली. तिचे हसू थांबेना, तेव्हा तात्याही हसले.

पुढे तात्यांच्या देखत ती लोकांसमोर पाने पसरू लागली. समोरच्याने पान उचलले, की ती त्याच्यापुढे पाणी ठेवी आणि वाट पाही. कधी माणूस लगेच बोले, कधी फार वेळ लागे. ती मधे बोलत नसे.

आपल्याजवळही कोणी ना कोणी आपले अडलेले मन घेऊन येतच असते. त्याला उत्तर देण्याआधी थोडे थांबता आले, तर पुष्कळदा उत्तर त्याचे त्यालाच सापडते.