राजाच्या पुढे चालायचे नाही

एका राज्यात, डोंगराच्या अल्याड, मेघवर्मा राजा राज्य करीत असे. मनाने भला, पण मानाचा भारी लोभी. राजाच्या पुढे कोणी चालायचे नाही, असा त्याचा कायदा. सात वर्षांची राजकन्या केतकी तेवढी बापाच्या पुढे धावायची.

एकदा एक जादूगार घाईघाईत राजाच्या पुढून निघाला. शिपायांनी त्याला मानेला धरून मागे ओढले. तो कडाडला, "तुझ्यापुढे पाऊल टाकायचे नाही? तर तुझी लेकही टाकणार नाही!"

केतकीचे पाय दगडाचे झाले. दगड रोज वीतभर वर चढू लागला. गळ्याशी पोचला की संपले! राजाने जादूगाराचे पाय धरले, तेव्हा उःशाप मिळाला : जिथे धबधबा थेट समुद्रात पडतो, तिथले पाणी राजाने स्वतः पायी जाऊन आणावे.

वाट ठाऊक होती एकट्या येसू कोळणीला. त्या किनाऱ्यावरचे खेकडे टोपलीत घालून ती डोंगर चढून बाजाराला यायची. पण कायदा तो कायदा. राजा पुढे, येसू मागे.

वेशीबाहेर एका फणसाखाली तीन वाटा फुटत होत्या. पहिल्या दिवशी राजाने डावी वाट धरली. करवंदीच्या जाळ्यांत अंगरखा फाडून घेऊन संध्याकाळी निघाला होता त्याच फणसाखाली आला. दुसऱ्या दिवशी उजवी धरली. चिखलात मोजडी गेली, पुन्हा तोच फणस. तिसऱ्या दिवशी मधली धरली आणि दुपारीच फणसाखाली परतला.

फांदीवरचा धनेश पक्षी म्हणाला, "महाराज, या फणसाशी सोयरीक जुळवायची आहे काय?"

राजा येसूवर डाफरला, "बाई, तुम्ही काहीच का सांगत नाही?"

"मागनं कसं सांगू, म्हाराज? वाट फुडं हाय."

दगड आज लेकीच्या कमरेला टेकला असेल. राजाला रडू फुटले. त्याने मुकुट काढून काखोटीला मारला.

"येसूबाई, तुम्ही पुढे व्हा."

येसू पुढे झाली, ती मधल्याच वाटेने, फाट्याफाट्याला वळत, घटकाभरात थेट कड्यावर. खाली पांढरी वाळू, माडांची रांग, आणि धबधबा खुशाल समुद्रात उडी घेत होता! राजा आनंदाने ओरडत उतरला, धारेखाली जाऊन नाचू लागला.

"म्हाराज, पानी!" येसू हसून म्हणाली.

राजाने कलश भरला. येसूच्या मागोमाग दिवेलागणीला राजवाडा गाठला. पाणी पडताच दगड वाळू होऊन गळून पडला आणि पाय मोकळे झाले. केतकीने दोन उड्या मारल्या, "बाबा, मलाही धबधबा!"

पहाटे सगळे निघाले. पुढे येसू, तिच्या पुढे केतकी. भालदार सवयीने ओरडला, "मागे सरा! महाराज येत आहेत!"

"अरे, महाराज येतील मागून," राजा धापा टाकत म्हणाला. "पोरीला धावू दे."

राजाची लेक जशी पुढे धावली, तशा तुमच्याआमच्या लेकी धावोत.