चौथी भाकरी

“आणि भाकऱ्या किती होतात, मावशी?”

निनाद गुळवणीने घड्याळाकडे पाहिलं. उद्या द्वारकाबाईंच्या छातीतली गाठ काढायची होती, भूल तोच देणार होता, आणि त्याचे गुरू हळबे सर खाटेशी बसून स्वयंपाकाच्या चौकशा करत होते.

“पयली झ्याक व्हती,” द्वारकाबाई म्हणाल्या. “दुसरी बी. तिसरीला हात भरून येत्यात. चौथीला उचलतच न्हाईत. घटकाभर टेकलं, की पुन्यांदा जमतंय.”

बाहेर आल्यावर निनाद म्हणाला, “सर, मायस्थेनिया आहे. यात स्नायू वापरले की थकतात. पुस्तकातलं ते पान मला पाठ आहे.”

“पान पाठ आहे...” सर म्हणाले. “बरं.”

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण सुवर्णपदक मिळवलेल्या शहाण्याला तो जरा उशिरा लागतो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं. द्वारकाबाईंनी डोळे उघडले. घशात श्वासाची नळी होती, बोलता येत नव्हतं. बिचाऱ्या घाबरून नुसत्या बघत होत्या.

निनादने आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली. “दाबा, मावशी.”

त्यांनी दाबली. चांगली घट्ट.

“ताकद उत्तम आहे, सर. नळी काढतो.”

त्याचा हात नळीपर्यंत पोचला.

“ही कितवी भाकरी?” सरांनी विचारलं.

निनाद थांबला. त्याने पुन्हा बोटं दिली.

“दाबा... अजून एकदा...”

तिसऱ्यांदा पकड सैल झाली. चौथ्यांदा द्वारकाबाईंची बोटं त्याच्या तळहातावर नुसती पडून राहिली.

नळी काढली असती, तर थोड्या वेळाने बाईंचा श्वासही असाच थकला असता. कालची ती चौकशी निनादला आठवली, आणि घड्याळाकडे पाहिल्याची लाज वाटली.

त्याने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. “घाई नाही, मावशी. मशीन श्वास देतंय. तुम्ही टेका जरा. मी इथंच आहे.”

द्वारकाबाईंनी डोळे मिटले.

“सर,” तो हळूच म्हणाला, “किती वेळ थांबायचं?”

सरांनी पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

“भाकऱ्या त्या करतायत... आपण पाटावर बसून राहायचं.”