राखुंडे

"मग ही शिवी आहे की नाही, तेवढंच सांगा बाबा."

रणधीर खैरनार तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, ओट्यासमोर उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता.

नूरशाहबाबा चिंचा फोडत होते. गावातले दोन्ही पक्ष त्यांचा शब्द मानत, म्हणून तर तो आला होता. संध्याकाळी पक्षाची बैठक होती. गावात यापुढे कोणी आपल्या माणसांना 'राखुंडे' म्हटलं तर थेट पोलिसांत तक्रार करायची, असा ठराव त्याला मांडायचा होता. बाबा 'शिवी आहे' म्हणाले असते, तर पुढे कुणाची बोलायची हिंमत झाली नसती.

शब्द जुना होता. रणधीरचे आजोबा दगाजी खैरनार नगरपालिकेच्या पहिल्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हाचा. सभेच्या आदल्या रात्री कोणीतरी त्यांचा मांडव पेटवून दिला. सकाळी दगाजींनी आपली माणसं त्याच राखेत बसवली आणि सभा घेतली. दुपारी सगळे काळ्या धोतरांनी घरी निघाले, तेव्हा बाजारपेठ खदखदून हसली. राखुंडे आले, राखुंडे! ते नाव पुढे पक्षालाच चिकटलं.

"तुला कोण म्हणालं?" बाबांनी विचारलं.

"काल आठवडी बाजारात. जिल्ह्याचे पुढारी सोबत होते. एक म्हातारा मागून आला, खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांदेखत…"

"मग?"

"कानफटात दिली."

बाबांचा हात थांबला.

"म्हातारा काय म्हणाला?"

"काही नाही. टोपी पडली होती, ती उचलली, झटकली, निघून गेला."

"कोण होता?"

"विचारलं नाही. असेल तुपकट्यांपैकी कोणीतरी."

"तुपकटे?"

"म्हणजे समोरच्या पक्षाचे. मतदानाआधी तुपाच्या पंगती उठवायचे ना पूर्वी… त्यांचं नावच आहे ते. त्यांना काही वाटत नाही त्याचं."

बाबांनी पुढची चिंच उचलली.

रणधीर वाट पाहत राहिला. रात्री त्याला झोप लागली नव्हती. उजवा तळवा अजून गरम आहे असं त्याला उगीच वाटत होतं. शिवी असेल तर आपण केलं ते बरोबर, हे तो रात्रभर स्वतःला सांगत होता, आणि तरी मन निवांत होत नव्हतं.

"कसा म्हणाला तो?" बाबांनी विचारलं. "म्हणून दाखव."

"राखुंड्या!" रणधीर दातओठ खाऊन म्हणाला.

"असाच म्हणाला?"

"…नाही."

"मग जसा म्हणाला तसा म्हण."

रणधीरने इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर चढला. जरा संकोचून त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय रे राखुंड्या… बरा आहेस ना?"

म्हणताना त्याचा आवाज आपोआप खाली आला. ओठांवर हसू फुटलं. ते त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने हात चटकन मागे घेतला. लहानपणी ओसरीवर आजोबांना अशीच हाक यायची. आजोबाही आतून तेच नाव घेऊन ओ द्यायचे.

"बाबा, तो म्हातारा…"

"आज गुरुवार आहे," बाबा म्हणाले. "धूप घालायला लोबान घेऊन येईल तो. काल इथे येऊनच टोपी धुतली त्याने."

थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. काठी टेकत म्हातारा आत आला. रणधीरला पाहून दारातच थबकला.

"हे पुंजू महाले," बाबा म्हणाले. "तुझ्या आजोबांच्या शेजारी राखेत बसलेले."

रणधीर ओट्यावरून खाली उतरला.

पुंजूआबाच बोलले. "दगाजीचा नातू एवढा मोठा पुढारी झाला, म्हणून भरून आलं रे. आमच्यातली हाक होती ती. तोंडातून गेली. चारचौघांत नको होती, हे नंतर सुचलं."

"पण आबा, शिवीच ना ती?"

"होती तर! फेकली होती आमच्यावर. पहिल्या दिवशी मी घरी जाऊन रडलो होतो. दुसऱ्या दिवशी तुझा आजोबा भर बाजारात म्हणाला, होय, आम्ही राखुंडे. मग आम्हीच एकमेकांना तशी हाक मारायला लागलो." ते जरा थांबले. "समोरच्या पक्षाच्या तोंडून ऐकली की मात्र अजून टोचते. खोटं कशाला सांगू."

त्यांनी सहज गाल चोळला. "हात तुझा आजोबासारखाच जड आहे हो."

रणधीरला ते ऐकवलं नाही. त्याने पुढे होऊन म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. खांदे गदगदत होते.

"चुकलो आबा. तुम्ही तुपकटे नाही, आपले आहात हे ठाऊक असतं, तर हात उचललाच नसता…"

पुंजूआबांचे डोळे भरले. काठी भिंतीला टेकवून ते त्याला उठवायला वाकले.

"पुंजू," बाबा म्हणाले, "इतक्यात उठवू नकोस त्याला. माफी अजून अर्धीच झाली आहे."