सौदामिनीची शर्यत

त्या राज्यात घोडे पळत आणि खेचरं कारभार पाहत. रोज दिवस कलताना कारभारी, म्हणजे एक करडं खेचर, पागेच्या दारात उभं राहून एकेकाचं नाव पुकारी. ज्याचं नाव निघे त्याने पुढे यायचं, मान खाली घालायची आणि हरभऱ्याच्या चंदीचा तोबरा तोंडाला बांधून घ्यायचा. नाव नाही तर चंदी नाही. घोड्यांना या रीतीचं काही वाटत नसे, कारण नाव प्रत्येकाला होतं.

सौदामिनी या तांबड्या घोडीचं नाव सगळ्यांच्या आधी निघे. तिला हरताना कोणी पाहिलं नव्हतं. गुडघा दुखावून तिचं पळणं थांबलं, तेव्हा कारभारी स्वतः तिच्या ठाणावर आला.

"बाईसाहेब, राज्यातली सर्वांत मोठी शर्यत यापुढे आपल्या नावाने होईल. आपण फक्त हो म्हणायचं."

शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सौदामिनी हो म्हणाली. पागेत एकच जल्लोष झाला. तिची लेक आरसपानी तेव्हा शिंगरू होती, ती तर आनंदाने उधळलीच.

त्या संध्याकाळी सगळी नावं निघाली, सौदामिनीचं निघालं नाही. राहून गेलं असेल, अशा समजुतीने ती पुढे झाली.

"माझी चंदी?"

"कोणाची?"

"सौदामिनीची."

"सौदामिनी ही शर्यत आहे," कारभारी म्हणाला. "शर्यतीला पोट नसतं. आणि एकच नाव दोघांना कसं देणार? चल, बाजूला हो, घोडे. मागचे खोळंबलेत."

मागचे खरंच खोळंबले होते. एवढा मान मिळाल्यावर हिने मूठभर हरभऱ्यांसाठी रडावं, याची त्यांना लाज वाटली. दुसरं नाव मागायला गेली तर उत्तर आलं की नाव पळणाऱ्याला मिळतं.

सुरुवातीला आरसपानी आपल्या तोबऱ्यात थोडी चंदी तिच्यासाठी ठेवी. पुढे तिचा सराव सुरू झाला, भूक वाढली आणि तोबरा रिकामा होऊ लागला. आपली आई आता साधी घोडी नाही, असं ती स्वतःला सांगे, आणि तसं म्हटलं की घास बरा उतरे. सौदामिनी कुंपणालगतचं वाळकं गवत उपटत राहिली. तिच्या बरगड्या दिसू लागल्या, तशी ती शर्यतीच्या जाहिरातीवरच्या चित्रातल्या सौदामिनीसारखी दिसेनाशी झाली.

सौदामिनीची शर्यत आरसपानीने जिंकली. दिवस कलत होता. तिच्या गळ्यात हार घालून कारभारी अदबीने वाकला.

"बाईसाहेब, पुढची शर्यत आपल्या नावाने होईल. आपण फक्त हो म्हणायचं."

"नाही म्हण!" कुंपणापाशी एक हडकुळी घोडी जिवाच्या आकांताने ओरडली. "अगं पोरी, नाही म्हण!"

आरसपानीने आईला ओळखलं. आईला स्वतःच्या शर्यतीच्या जोडीला दुसरी शर्यत खपत नाही, असं तिला वाटलं, आणि तिला वाईटही वाटलं. मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ती हो म्हणाली.

शर्यत संपल्याची घोषणा तेवढी राहिली होती; ती शर्यतीचं नाव पुकारून व्हायची. कारभाऱ्याने पागेच्या दारात काढावा तसाच आवाज काढून पुकारलं, "सौदामिनी!"

कुंपणापाशी ओरडणारी घोडी एकदम गप्प झाली. लंगडत पुढे आली, तिने मान खाली घातली आणि तोंड उघडलं.