फ्यूज आणि तांब्याची तार

ट्रकचे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका ट्रकच्या मागच्या दिव्यांची वायर घासून उघडी पडली होती. गाडी खड्ड्यात आदळली की ती चासीच्या लोखंडी सांगाड्याला टेकायची, शॉर्ट सर्किट व्हायचं आणि आग टाळायला फ्यूज स्वतः जळायचा.

"फारच नाजूक," म्हणत ड्रायव्हर सर्जेरावांनी जळका फ्यूज डॅशबोर्डवर टाकला आणि त्याच्या जागी तांब्याची जाड तार बसवली. दिवे लागले.

"आधी ती उघडी वायर शोधायला हवी," फ्यूज कळवळून म्हणाला.

"जळालेल्यांनी मला शिकवू नये," तार म्हणाली.

घाटात वायरिंगने पेट घेतला. सर्जेराव उडी मारून वाचले, पण ट्रकचा कोळसा झाला. राखेत तार तेवढी शाबूत सापडली. सर्जेरावांनी ती पुसून खिशात घातली.

"तार मात्र दणकट निघाली," ते म्हणाले. "पुढच्या गाडीला होईल."